शेजारच्या सीटचा ब्रेक

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गाडी शिकवणारी बाई कोण म्हटलं की आसपासच्या चार गल्ल्यांत हेच नाव निघायचं, आणि ते त्यांनी स्वतःच्या पायाने कमावलेलं होतं. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटपाशी, बाईंच्या पायाशी. दोन्ही खालून एकाच सळईने जोडलेले. एक दाबला की दुसराही खाली जायचा. शिकणाऱ्याला समोरचं मांजर दिसायच्या आत बाईंचा पाय पडलेला असायचा. "बाई, तुमची गाडी चालत नाही, नुसती थांबते," असं एका आगाऊ विद्यार्थ्याने म्हटलं आणि नाव चिकटलं. बाईंनी मनावर घेतलं नाही. "थांबता आलं की चालवता येतंच," त्या म्हणायच्या. तोंड तिखट, पण अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गाडी शिकलेलं.

तर या बाई त्या दिवशी डॉक्टरसमोर बसल्या होत्या आणि सगळ्याला मान डोलावत होत्या.

डॉक्टर म्हणजे त्यांच्या मुलीपेक्षा थोडी मोठी मुलगी. चांगली होती बिचारी. कागदावर गोल काढून समजावत होती. गाठ कॅन्सरची आहे, पण लहान आहे, लवकर सापडलीय. "हो." दोन रस्ते आहेत. "हो हो." नुसती गाठ काढायची आणि नंतर रेडिएशन घ्यायचं, किंवा पूर्ण स्तन काढायचा. तुमच्या बाबतीत आयुष्याच्या हिशेबाने दोन्हींत फरक नाही, त्यामुळे काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. "बरोबर." पुढच्या आठवड्यात सांगा. "सांगते ना."

बाहेर येऊन बाई गाडीत बसल्या, बेल्ट लावला, किल्ली फिरवली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला धड एक वाक्य आठवत नाहीये. मग त्यांना स्वतःचाच राग आला. कारण ही मान त्यांना चांगली ठाऊक होती. ज्याला समजतं तो मध्येच अडवतो, उलटं विचारतो, डोकं खातो. जो नुसता हो हो करतो तो गाडी भिंतीवर घालणार हे लिहून घ्यावं. इतकी वर्षं त्यांनी असल्या माना बघितल्या होत्या, आणि आज तीच मान त्यांच्या धडावर होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

गाठीचंही तसंच झालं होतं. छातीवर काहीतरी कडक लागतंय हे बाईंना बरेच दिवस कळत होतं. पण दिवसभर बेल्ट तिथूनच जातो, म्हणून त्यांनी ठरवून टाकलं की हा बेल्टचा वळ. बेल्टखाली घडी घातलेला रुमाल ठेवायला लागल्या आणि वर खूश, की बघा, उपाय सापडला. गाठ दुखतही नव्हती. दुखेना, खुपेना, मग आजार कसला? अजूनही त्यांना हेच समजत नव्हतं. अंगात ताकद आहे, भूक लागतेय, सकाळी नेहमीसारखी झाडांना पाणी घातलं, आणि कागद म्हणतो कॅन्सर. कागद खरा की आपण खरे?

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोक त्यांना चष्मेवाले म्हणत. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला.

"बरं," ते म्हणाले.

"बरं काय, बरं? काय करू मी?"

"तुला योग्य वाटेल ते कर. मी आहेच."

घ्या! बाईंचं डोकंच फिरलं. मी आहेच म्हणजे काय? कपाटही आहेच की घरात! तीस वर्षांच्या संसारात साबण कुठला आणायचा यावर वाद घालणारा माणूस, नेमका आज हात वर करून मोकळा झाला.

मग बातमी फुटली आणि सल्ल्यांचा नुसता पाऊस. नणंद धावत आली, गळ्यात पडून रडली, आणि डोळे पुसताच म्हणाली, "वहिनी, सरळ काढून टाका. आता या वयात काय करायचंय?"

"तुमचे दात पडायला आलेत ना वन्सं? काढून टाका की सगळे. आता या वयात काय चावायचंय?" बाई ताडकन बोलून गेल्या. नंतर त्यांना वाईट वाटलं, कारण नणंद खरंच घाबरली होती. पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. या वयात म्हणजे काय? मुलीला पाजलं तो हा. आरशासमोर साडी नीट करताना रोज दिसतो तो हा. वापरात नसलेलं सामान आहे का ते, माळ्यावर टाकायला?

मुलगी दूर देशी, नवीन नोकरीत. ती फोनवर रडली नाही, पण तासातासाला काहीतरी वाचून पाठवायला लागली. एकात लिहिलेलं अमुक करा, दुसऱ्यात अमुक अजिबात करू नका. "आई, वाचलंस का?" "वाचलं गं." वाचलं काय कपाळ! "मी रजा काढून येते." "येऊ नकोस. आत्ताच तर लागलीयस." शेजारीण म्हणाली काळजी करू नका, माझ्या मावशीला काही झालं नाही, आणि जिन्यात जाता जाता म्हणाली, तशी गेली बिचारी, पण दुसऱ्या कशाने तरी. ऐकावं जनाचं, करावं मनाचं हे ठीक आहे. पण मनालाच काही सुधरत नसेल तर माणसाने कोणाचं करावं?

मात्र या सगळ्या गोंधळात बाईंनी आतल्या आत एक गोष्ट ठरवून टाकली होती, आणि ती कशी ठरली हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरच्या बोलण्यातलं मागाहून आठवलेलं एवढंच त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं: नुसती गाठ काढली तर तीन-चार आठवडे रोज रेडिएशनला यावं लागेल. ते मोठं हॉस्पिटल गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. थकवा येऊ शकतो, स्वतः गाडी चालवत येऊ नका, सोबत कोणीतरी असू द्या. आणि पूर्ण काढलं तर रेडिएशन लागणार नाही.

रोज. सोबत. कोण?

गावाला गाडी शिकवणाऱ्या बाईच्या घरात दुसऱ्या कोणालाही गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. टॅक्सी होती, पण मागच्या सीटवर बसलं की बाईंना पाचव्या मिनिटाला उलटी व्हायची, आजार नसतानाही. आणि नवऱ्याचं म्हणाल, तर तो वेगळाच इतिहास. मुलगी लहान असताना बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी पाणीखात्याच्या फाटकाच्या खांबाकडे नेली. बाईंनी ब्रेक मारला. खांब वाचला, पण जीभ सुटली. फाटकावरच्या रखवालदारासमोर त्या ओरडल्या, "डोळे दुकानात ठेवून आलात का?"

चष्मेवाल्याला हे म्हणावं? ते शांतपणे खाली उतरले आणि चालत घरी गेले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही आणि बाईंनी कधी तो विषय काढला नाही. आता इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने म्हणायचं, की अहो, मला रोज दवाखान्यात सोडा? त्यापेक्षा काढूनच टाकलेलं बरं. एकदाचं काय ते होऊन जाईल, कोणाला त्रास नको. असं म्हटलं की बाईंना क्षणभर मोकळं वाटायचं आणि लगेच हात छातीकडे जायचा. मोकळं वाटतंय ते खरं की हात गेला ते खरं, हेही कळेना.

शिकवणी मात्र त्यांनी बंद केली नाही. घरी बसलं तर भिंती अंगावर यायच्या. त्या आठवड्यात वाचनालयातल्या बाईंची पाळी होती. या निवृत्तीला टेकलेल्या, आणि आयुष्यभर वाचनालयात बसून इतकं हळू बोलायची सवय लागलेली की हॉर्नसुद्धा दबकत वाजवायच्या.

"उजवीकडे घ्या," ब्रेकबाई म्हणाल्या. "अहो, उजवीकडे! उजवा हात कळतो ना?"

"बाई," वाचनालयातल्या बाई कुजबुजल्या, "तुम्ही हात डावीकडे दाखवताय."

बाईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. खरंच डावीकडे होता. त्यांनी तो मांडीवर ठेवला. पुढे मोठा चौक आला, सिग्नल लाल, मग हिरवा. गाडी जागची हलेना. वाचनालयातल्या बाईंनी रेस वाढवली, गाडीने आचका दिला आणि इंजिन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"पाय काढा ब्रेकवरून!" ब्रेकबाई ओरडल्या. "किती वेळा सांगायचं?"

"माझा पाय ब्रेकवर नाहीये, बाई."

बाईंनी खाली बघितलं. त्यांचा स्वतःचा पाय ब्रेकवर होता, अगदी तळापर्यंत दाबलेला. कधी दाबला, कधीपासून दाबून धरलाय, त्यांना काही पत्ता नव्हता. त्या पायाकडे बघतच राहिल्या.

"मला कॅन्सर झालाय," त्या म्हणाल्या.

मागचा ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून काहीतरी बोलत होता. वाचनालयातल्या बाईंनी एकदा आरशात बघितलं, एकदा ब्रेकबाईंकडे. "आधी गाडी बाजूला घेऊ का?" त्यांनी हळूच विचारलं. आणि खरंच, कोणी न सांगता, इंडिकेटर देऊन, मान वळवून, त्यांनी गाडी सुरेख बाजूला घेतली. एरवी बाईंनी शाबासकी दिली असती.

मग त्या दोघी समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसल्या. गाडीत एक बरं असतं, बोलताना एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. ब्रेकबाईंनी सगळं सांगितलं. "पूर्ण काढून टाकायचं ठरवलंय मी."

"डॉक्टरांनी सांगितलं का तसं?"

"नाही. त्या म्हणाल्या दोन्ही सारखंच."

"मग तुम्हाला तसं हवंय?"

"मला कुठं हवंय!" बाई एकदम उसळल्या. "पण मला रोज तिकडे घेऊन जाणार कोण?"

बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. मनात कितीदा घोळवलेलं, तेव्हा शहाणपणाचं वाटायचं. मोठ्याने बाहेर पडल्यावर ते किती विचित्र ऐकू आलं! पुस्तक कोणी उशिरा परत केलं तरी वाचनालयातल्या बाई काही बोलत नसत, नुसत्या बघत. तसंच त्यांनी ब्रेकबाईंकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले दुकान लवकर बंद करून घरी आले. हे आक्रितच. बाई कणीक मळत होत्या. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वाचनालयातल्या बाई आल्या होत्या दुकानात. चष्म्याची काडी सैल झाली म्हणून."

"मग करून द्यायची घट्ट."

"घट्टच होती." त्यांचा आवाज चढला. तो माणूस कधी आवाज चढवत नसे. "ड्रायव्हर मिळत नाही म्हणून तू छाती कापून देणार आहेस?"

"मग काय करू?" बाईंचाही आवाज चढला. "तुम्हीच म्हणालात ना, तुला योग्य वाटेल ते कर?"

"कारण मला काही सुचत नव्हतं! वाटलं, मी काही बोललो आणि ते चुकलं तर? तू गेलीस तर? मी दुकानात लोकांचे नंबर चुकवतोय चार दिवस. एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला."

"त्याला दिसलं का?"

"तो म्हणाला आधीपेक्षा बरं दिसतंय."

बाईंना हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं. कणकेच्या हातांनी डोळेही पुसता येईनात. डॉक्टरकडून आल्यापासून त्या पहिल्यांदा रडत होत्या, आणि चांगल्या भोकाड पसरून रडल्या. "मला भीती वाटतेय हो," त्या म्हणाल्या. "मला काहीच कळत नाहीये. दोन्ही सारखंच आहे तर मला विचारतात कशाला?"

चष्मेवाल्यांनी ओल्या फडक्याने त्यांचे हात पुसले, मग त्याच फडक्याने तोंड. तोंडाला कणीक लागली ते त्यांना दिसलंच नाही. "माझ्याकडे रोज हेच होतं," ते म्हणाले. "एक काच लावतो, दुसरी लावतो. हे बरं की हे? गिऱ्हाईक गोंधळतं, म्हणतं दोन्ही सारखंच. त्याला वाटतं आपण नापास झालो. पण सारखं दिसतंय म्हणजे काच बरोबर लागली. मग मी एवढंच विचारतो, चष्मा लावून तुम्हाला करायचंय काय? वाचायचंय, शिवायचंय, की गाडी चालवायचीय? तुला काय हवंय ते सांग. ने-आण राहू दे बाजूला."

बाईंनी कणकेचा गोळा झाकून ठेवला. "मला माझं अंग जेवढं राहील तेवढं हवंय," शेवटी त्या म्हणाल्या. "पण ने-आण बाजूला कशी राहील? तुम्हाला गाडी येत नाही."

"शिकेन."

"पक्कं लायसन्स एवढ्यात मिळत नाही."

"शिकाऊ मिळतं ना? शेजारी पक्क्या लायसन्सचं माणूस बसलेलं असलं म्हणजे झालं. तुझ्याच पाटीवर लिहिलंय."

"हो, पण शेजारी बसणार को..." आणि बाई थांबल्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी गाडी रिकाम्या पटांगणात नेली. क्लच, गिअर, हळूहळू सोडा. गाडी बेडकासारखी उड्या मारत निघाली. पटांगणाच्या टोकाला दिव्याचा खांब होता आणि एवढी मोकळी जागा सोडून चष्मेवाल्यांनी गाडी नेमकी खांबाकडेच नेली. बाईंचा पाय खाली गेला. इंजिन बंद पडलं. बाईंच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

"खांब दिसतो मला," चष्मेवाले समोर बघत म्हणाले. "तेव्हाही दिसला होता. मी वळणारच होतो. तू पाय काढ."

"सवय आहे माझी."

"माहितेय. तरी काढ."

बाईंनी पाय काढला, म्हणजे बोटभर वर उचलला. तेवढंच जमलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी अठरा ठिकाणी ब्रेक मारला असेल, त्यातला एखाद-दुसरा गरजेचा होता. पण खांब उभा राहिला आणि संसारही.

डॉक्टरकडे पुन्हा गेल्या तेव्हा बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं, "त्या दिवशी मी नुसती मान हलवली. मला काही कळलं नव्हतं. आज तुम्ही सांगा, मग मी उलट सांगते. चुकलं तिथे थांबवा." शिकवणीत त्या अस्संच करत. डॉक्टर पोरगी हसली, कागद ओढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाईंनी उलट सांगितलं आणि एका ठिकाणी डॉक्टरने थांबवलं.

"पूर्ण काढलं तर रेडिएशन लागणार नाही, असं नाही म्हणाले मी. बहुधा लागणार नाही, म्हणाले होते. काखेतल्या ग्रंथी तपासल्यावर ठरेल. कदाचित तरीही घ्यावं लागेल."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एक 'बहुधा' कानाआड झाला, आणि त्या भरवशावर त्या काय देऊन बसणार होत्या! त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

"गाठच काढा," बाई म्हणाल्या. "आणि रेडिएशनला मी येईन. रोज."

"सोबत कोण असेल?"

"शिकाऊ ड्रायव्हर," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, नीट झालं. गोंधळ संपला असं मात्र कोणी समजू नये. टाक्यांची ओढ कुठली आणि भीतीची ओढ कुठली, हे बाईंना वेगळं करता येत नव्हतं. सकाळी वाटायचं आपण बरे झालो, दुपारी वाटायचं छे, हे सगळे आपल्याला फसवताहेत. पुढे केमो लागणार नाही म्हणाले, तर आनंद व्हायच्या आधी शंकाच आली की विसरले तर नाहीत? मुलीला त्यांनी सांगितलं, "रोज काही पाठवू नकोस. रोज फोन कर." नणंदेने दोन आठवडे डबा पोचवला, दातांचं बोलणं मनात न ठेवता. वाचनालयातल्या बाई परीक्षा पास झाल्या आणि पुस्तकं घेऊन आल्या, ती बाईंनी उशाशी ठेवली आणि एकही वाचलं नाही.

आणि रेडिएशनचा पहिला दिवस उजाडला. पुढेमागे शिकाऊची लाल पाटी लावलेली ती गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली, एवढी सावकाश की एका सायकलवाल्याने मागे वळून बघितलं. टाक्यांवर बेल्ट लागू नये म्हणून चष्मेवाल्यांनी दुकानातला मऊ कपडा घडी करून दिला होता, काचा पुसायचा. आज आत काय होणार, यंत्राखाली एकटंच पडायचं, भाजेल का, कळेल का, याचीच वटवट बाईंच्या डोक्यात चालू होती. पाय नेहमीच्या जागी ब्रेकवर टेकलेला.

मोठ्या चौकाच्या अलीकडे गल्लीतून एक टेम्पो मुसंडी मारून बाहेर आला. बाईंनी तो बघितला, पाय दाबायला गेल्या, आणि त्यांच्या तळव्याखालचा ब्रेक त्यांनी दाबायच्या आधीच अलगद खाली गेला. इतक्या वर्षांत तो त्यांच्या पायाखालून असा पहिल्यांदाच गेला होता. गाडी थांबली. टेम्पो निघून गेला.

"आरशात बघितलंत?" बाईंनी विचारलं.

"बघितलं."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसल्या. "चला. उशीर होतोय."